दुरुस्त केलेला कॅसेट डेक पुन्हा पुन्हा फीत का गुंतवतो?

जुना कॅसेट डेक कपाटातून बाहेर काढला, दुरुस्त करून आणला, काही दिवस तो बरा वाजला आणि मग पुन्हा सूर हलू लागला किंवा फीत रबरी चाकाभोवती गुंडाळली गेली, ही तक्रार आता वरचेवर ऐकू येते. डेक परत दुकानात नेला की हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) पुसून आणि मोटरची गती पोहोचवणारा रबरी बेल्ट बदलून मिळतो, दुकानात तो उत्तम वाजतो आणि घरी आल्यावर थोड्याच दिवसांत तोच प्रकार सुरू होतो. ज्यांच्या घरी आजोबांचे कीर्तन, आकाशवाणीवरून उतरवून घेतलेली श्रुतिका किंवा गणेशोत्सवातल्या एखाद्या बैठकीचे गाणे अशा, दुसरी प्रत कुठेच नसलेल्या कॅसेट आहेत, त्यांच्या दृष्टीने हा दोष केवळ त्रासदायक नाही. गुंतलेली फीत सोडवताना पडलेली चुणी कायमची राहते आणि तेवढ्या जागेवरचा आवाज कायमचा खराब होतो.

हा दोष परत येण्याचे कारण माझ्या मते बहुतेक वेळा एकच असते. दुरुस्तीनंतरची चाचणी कॅसेटच्या सुरुवातीच्या पाच मिनिटांत घेतली जाते आणि दोष मात्र कॅसेटची बाजू संपत आलेली असताना प्रकट होतो. सुरुवातीला आणि शेवटी असा फरक का पडतो हे समजून घेतले, तर पुढचा सगळा तपास सोपा होतो. म्हणून आधी यंत्राची रीत पाहू.

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात कॅसेट जगापुढे आणली, तेव्हापासून तिची मापे बदललेली नाहीत. फितीची रुंदी ३.८१ मिलिमीटर आणि वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. हा वेग ठरवण्याचे काम फीत गुंडाळणाऱ्या दोन फिरक्यांचे नसते. हेडच्या शेजारी एक गुळगुळीत पोलादी दांडी असते, तिला कॅपस्टन म्हणतात. तिच्यावर पिंच रोलर नावाचे रबरी चाक दाबले जाते आणि त्या दोघांच्या पकडीतून फीत ठरलेल्या वेगाने पुढे सरकते. उजवीकडच्या फिरकीने फक्त पुढे आलेली फीत लगोलग गुंडाळून घ्यायची असते, तर डावीकडच्या फिरकीने किंचित अडवून धरत फीत सोडायची असते, म्हणजे ती हेडवर ताणून बसते.

आता उजवीकडच्या फिरकीने गुंडाळणे थांबवले असे समजा. कॅपस्टनला त्याची खबर नसते, तो फीत पुढे लोटतच राहतो. दहा सेकंदांत जवळजवळ अर्धा मीटर फीत मोकळी होते आणि ती जवळच्या रबरी चाकाला चिकटून त्याच्याभोवती फिरू लागते. म्हणजे फीत गुंतते ती कॅपस्टनपाशी, पण दोष असतो पलीकडच्या फिरकीत. दुकानात मात्र हेड आणि रोलर पुसला जातो, कारण फीत तिथे अडकलेली दिसते.

सुरुवात आणि शेवट यांतला फरक जोराच्या हिशेबात आहे. चांगल्या स्थितीतल्या डेकमध्ये उजवीकडच्या फिरकीचा पीळ, म्हणजे फिरण्याचा जोर, साधारण ३५ ते ६० ग्रॅम-सेंटिमीटर असतो. तो ४० धरू. बाजू सुरू होते तेव्हा उजवीकडची गुंडाळी रिकामी असते, तिची त्रिज्या सुमारे १.१ सेंटिमीटर असते, म्हणून फितीवर ३६ ग्रॅमची ओढ येते. बाजू संपताना तीच गुंडाळी अडीच सेंटिमीटर त्रिज्येची झालेली असते आणि ओढ उरते फक्त १६ ग्रॅम. त्याच वेळी डावीकडे उलट घडते. तिथला अडवणारा पीळ तेवढाच राहतो, पण गुंडाळी लहान झाल्यामुळे फितीवरचा ताण दुपटीहून अधिक होतो. ओढणारा हात थकत जातो आणि अडवणारा हात बळावत जातो. डेकचा पीळ ४० ऐवजी १५ वर आला असेल, तरी सुरुवातीला तो सहज वाजतो, कारण तेव्हा १३-१४ ग्रॅमची ओढ मिळते. शेवटी ती ६ ग्रॅमवर येते, आणि कॅसेट थोडी जरी जड फिरत असली तरी तेवढी ओढ पुरत नाही. म्हणून दुरुस्ती करून घेणाऱ्याने एकच आग्रह धरावा: डेक ताब्यात घेण्यापूर्वी ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू शेवटच्या दहा मिनिटांवर आणून ती संपेपर्यंत ऐकावी.

आधी कॅसेट तपासावी

दोष यंत्रात आहे की कॅसेटमध्ये, हे ठरवल्याशिवाय स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊ नये. मोलाची नसलेली, पण सुस्थितीतली एक कॅसेट चाचणीसाठी कायमची बाजूला ठेवावी. तीही शेवटाला गुंतत असेल किंवा तिचाही सूर हलत असेल, तर यंत्र दोषी आहे. ती सुरळीत वाजत असेल आणि घरची जुनी कॅसेट तेवढी अडखळत असेल, तर यंत्राला हात लावण्याचे कारण नाही.

अडखळणारी कॅसेट हातात धरून तिच्या फिरकीत षटकोनी शिसपेन्सिल घालावी आणि सावकाश फिरवावी. निरोगी कॅसेटमध्ये पेन्सिल जवळजवळ विनासायास फिरते. मध्येच घट्ट लागत असेल, तर बहुधा फितीची गुंडाळी एकसारखी बसलेली नसते, तिच्या काही कडा वर आलेल्या असतात आणि त्या कवचाला घासतात. कॅसेट आडवी धरून दोन्ही बाजूंनी तळहातावर अलगद आपटावी आणि मग एकदा शेवटपर्यंत पुढे व एकदा पूर्ण मागे गुंडाळावी. वर्षानुवर्षे न वाजलेल्या कॅसेट एवढ्यानेही पुष्कळदा मोकळ्या होतात. अशी कॅसेट कपाटातून काढून थेट वाजवायला लावणे हेच मुळात चुकीचे आहे. आधी ती दोन्ही दिशांनी गुंडाळून घेणे हा नेम असावा.

कॅसेटच्या मधल्या खिडकीसमोर, फितीच्या मागे, तांब्याच्या पातळ पट्टीवर चिकटवलेला नमद्याचा छोटा तुकडा असतो. तो फितीला हेडवर दाबतो. जुन्या कॅसेटमधला डिंक वाळला की हा तुकडा गळून पडतो आणि आवाज बुजल्यासारखा येतो, कधी डाव्या किंवा उजव्या स्पीकरचा आवाज जातो. ऐकणाऱ्याला वाटते की हेड खराब झाले. आवाज बुजलेला असेल तर हेडचा स्क्रू फिरवण्याआधी हा तुकडा जागेवर आहे की नाही हे पाहावे.

मुंबई आणि कोकणातल्या कॅसेटसाठी एक तपासणी फार महत्त्वाची आहे. पावसाळ्यातल्या दमट हवेमुळे फितीच्या कडांवर बुरशी धरते. कवचाच्या पारदर्शक खिडकीतून उजेडाकडे पाहिले की काळपट-तपकिरी गुंडाळीवर पांढरट, पिठासारखे ठिपके किंवा रेघा दिसतात. अशी कॅसेट कोणत्याही परिस्थितीत डेकमध्ये घालू नये. बुरशीचे कण हेडवर, रोलरवर आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जातात, शिवाय कडा चिकटल्यामुळे फीत धक्क्याधक्क्याने सुटते व गुंतते. ती आधी सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवून कोरडी करावी. मग कवच उघडून, तोंडाला मास्क लावून, घराबाहेर मोकळ्या हवेत गुंडाळीच्या दोन्ही कडा मऊ, कोरड्या, तंतू न सोडणाऱ्या कापडाने अलगद पुसाव्यात, आणि फीत हाताने सावकाश गुंडाळताना तीही त्याच कापडाच्या घडीतून जाऊ द्यावी. पाणी किंवा घरगुती स्पिरिट वापरू नये. आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण पुष्कळ घरांत ती प्रेमापोटी केली जाते: कॅसेटच्या कपाटात डांबरगोळ्या ठेवू नयेत. त्यांतले नॅप्थलीन कॅसेटच्या डब्यांच्या प्लास्टिकला मऊ करते आणि डबे व कवचे चिकट होतात.

कवच वाकले असेल किंवा आतले दोन पातळ सरकते कागद चुरगळले असतील, तर फीत नव्या कवचात हलवणे हाच उपाय. यासाठी पाच स्क्रूचे कवच असलेली एखादी साधी कॅसेट घ्यावी. टेबलावर पांढरे कापड अंथरून त्यावर काम करावे, म्हणजे कॅसेटच्या कोपऱ्यांतले छोटे रोलर उडाले तरी सापडतात. दोन्ही कॅसेट सपाट ठेवूनच वरचे झाकण उचलायचे. जुन्या कॅसेटमधल्या दोन्ही गुंडाळ्या चिमटीत धरून, मधली फीत सैल न सोडता, नव्या कवचात ठेवायच्या. फीत डाव्या कोपऱ्यातल्या रोलरवरून, नमद्याच्या तुकड्याच्या पुढून आणि उजव्या कोपऱ्यातल्या रोलरवरून गेली आहे ना, हे झाकण लावण्यापूर्वी पाहायचे. स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने आवळायचे. एक बाजू आधी घट्ट आवळली तर कवच तिरके बसते आणि ज्यासाठी हा खटाटोप केला तोच दोष पुन्हा उभा राहतो. ज्या कॅसेटना स्क्रू नसतात, त्यांचे कवच जोडावर सुरीचे पाते हलके फिरवून उघडावे लागते. पाते आत खोल गेले तर फीत कापली जाते, म्हणून हे काम आधी एखाद्या टाकाऊ कॅसेटवर करून पाहिलेले बरे.

सूर किती वेळाने हलतो ते मोजावे

फीत गुंतत नाही पण सूर हलतो, अशा वेळी कानाला तपासाचे साधन करता येते. तंबोऱ्याचा सलग नाद किंवा पेटीचा लांबवलेला सूर असलेले ध्वनिमुद्रण लावावे. तबल्याच्या ठेक्यात किंवा भरगच्च वाद्यवृंदात सूर हलणे लपून जाते, तंबोऱ्यात ते लगेच उघडे पडते. सूर किती वेळाने हेलकावतो याकडे लक्ष द्यावे, कारण डेकमधला प्रत्येक फिरणारा भाग आपल्या ठरलेल्या गतीने फिरतो आणि त्याचा दोष त्याच गतीने ऐकू येतो.

कॅपस्टनचा व्यास साधारण दोन ते अडीच मिलिमीटर असतो, म्हणजे तो सेकंदाला सहा ते आठ फेऱ्या घेतो. सूर थरथरल्यासारखा, घशात कंप असल्यासारखा लागत असेल, तर कॅपस्टन, त्याच्याच दांडीवर बसवलेले, गती एकसारखी ठेवणारे जड चाक म्हणजे फ्लायव्हील किंवा त्यावरचा बेल्ट यांकडे संशय जातो. रबरी चाकाचा व्यास दहा ते तेरा मिलिमीटर असतो, ते सेकंदाला एक ते दीड फेरी घेते. सेकंदागणिक येणारा हेलकावा त्याचा. फिरक्यांची गती मात्र बाजूभर बदलत राहते. रिकाम्या गुंडाळीची फेरी दीड सेकंदात होते, तर भरलेल्या गुंडाळीच्या फेरीला सव्वातीन सेकंद लागतात. म्हणून सुरुवातीला एका अंतराने आणि शेवटी दुसऱ्याच अंतराने हेलकावे येत असतील, तर दोष फिरकीत किंवा कॅसेटमध्येच आहे आणि कॅपस्टन व रोलर निर्दोष आहेत असे धरून चालावे. हे एवढे ऐकून ठरवले, तरी निम्मे अनावश्यक सुटे भाग बदलायचे टळतात.

हेलकावा नाही, पण सगळेच मंद वाजते, हा वेगळा प्रकार आहे. त्याकडे शेवटी येऊ.

स्वच्छता

दार उघडून, कॅसेट न घालता, डेक वाजवण्याच्या स्थितीत आणावा. फिरत्या कॅपस्टनवर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून निथळलेला कापसाचा बोळा काडीने टेकवला की काही क्षणांत कापसावर तपकिरी कडे उमटते. ते फितीवरून सुटलेले लोहाचे ऑक्साइड आणि डिंक. कडे उमटायचे थांबेपर्यंत बोळे बदलत राहावे. बोळा कॅपस्टन आणि रोलर यांच्या फटीत ओढला जाऊ नये म्हणून तो रोलरच्या विरुद्ध बाजूने, फीत बाहेर पडते तिकडून धरावा. हेडही त्याच द्रवाने पुसावे. ९९ टक्के शुद्धतेचे आयसोप्रोपिल आता इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळते. हात धुण्याचे सॅनिटायझर वापरू नये, त्यात ग्लिसरीन असते आणि ते मागे चिकट थर ठेवते. रॉकेल आणि पेट्रोल यांचा वापर जुन्या कारागिरांनी केला असेल, पण त्यांनी रबर फुगते.

रोलरचे रबर पुसल्यावर त्याच्याकडे तिरक्या उजेडात पाहावे. निरोगी रबर मातकट काळे, मंद दिसते आणि नख दाबले तर किंचित दबते. काचेसारखी चमक आलेले रबर कडक झालेले असते, ते फीत पकडत नाही, घसरू देते. मध्यभागी जिथून फीत जाते तिथे खळगा पडला असेल, तर फीत वर-खाली भटकते आणि तिची कड दुमडते. असा रोलर पॉलिश पेपरने घासून काम भागवण्याची पद्धत आहे, पण ती मला मान्य नाही. घासण्याने चाक पूर्ण गोल राहत नाही, व्यास कमी होतो आणि चमक थोड्याच दिवसांत परत येते. दुरुस्तीनंतर काही दिवसांनी सूर पुन्हा हलतो, त्यातल्या पुष्कळ तक्रारींचे मूळ हे घासणे असते. व्यास, रुंदी आणि दांडीच्या भोकाचे माप घेऊन नवा रोलरच बसवावा.

उजव्या फिरकीचा पीळ मोजावा

ही चाचणी सगळ्यांत महत्त्वाची आहे आणि ती दुकानात क्वचितच केली जाते. पीळ मोजणारी खास कॅसेट मिळते, पण महाग असते. घरच्या घरी पुरेशी अचूक चाचणी अशी करता येते. एखाद्या टाकाऊ कॅसेटमधून रिकामी फिरकी काढावी. तिला मजबूत पण बारीक दोरा बांधून दोन-तीन वेढे द्यावे आणि ती डेकच्या उजव्या खुंटीवर बसवावी. समोरून कॅसेट घालायच्या डेकमध्ये ही खुंटी जमिनीला समांतर असते, त्यामुळे दोरा सरळ खाली लोंबतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत तांदूळ घालून पिशवीसकट बरोबर ३६ ग्रॅम वजन करावे, ती पिशवी दोऱ्याला बांधावी आणि डेक वाजवण्याच्या स्थितीत आणावा. दोरा ज्या बाजूने वर ओढला जाईल त्या बाजूने लोंबत असला पाहिजे.

पिशवी न थांबता वर चढली, तर पीळ ४० ग्रॅम-सेंटिमीटरच्या वर आहे. जागेवरच लोंबत राहिली, तर तांदूळ काढत काढत ती कोणत्या वजनाला चढते ते पाहावे. ते वजन १.१ ने गुणले की पीळ मिळतो. २० ग्रॅमलाही पिशवी हलत नसेल, तर हेड कितीही पुसले तरी तो डेक फीत गुंतवणारच. पिशवी चढताना गती एकसारखी राहते की ती झटके देत चढते, हेही पाहावे. झटके म्हणजे फिरकीखालच्या नमद्याच्या क्लचमध्ये तेल गेले आहे किंवा रबरी कड्याला एका जागी खड्डा पडला आहे. डेक अनेक वर्षे एकाच स्थितीत दाबलेला राहिला की असा खड्डा पडतो.

पीळ कमी असेल, तर उपाय यंत्राच्या रचनेवर अवलंबून आहे. काही डेकमध्ये फिरकीला एक छोटे रबरी कड्याचे चाक घासून फिरवते. तिथे ते कडे आणि फिरकीची कड अल्कोहोलने पुसावी, कडे कडक झाले असेल तर बदलावे. काहींत वेगळा पातळ बेल्ट असतो, तो सैल होतो. काहींत स्प्रिंगने दाबलेला नमद्याचा क्लच असतो. तो फक्त कोरडा आणि स्वच्छ ठेवायचा. स्प्रिंग ताणून पीळ वाढवण्याचा मोह टाळावा, कारण पीळ ६० च्या फार वर गेला की फीत ताणली जाते, आणि १२० मिनिटांच्या कॅसेटमधली, सुमारे ९ मायक्रॉन जाडीची फीत तर ताणून लांबही होते. पीळ दुरुस्त झाला की पुन्हा तांदळाची पिशवी लावावी. दुरुस्त झाला असे वाटणे पुरेसे नाही.

बेल्ट

झाकण उघडण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढलेला असावा, कारण पुष्कळ जुन्या डेकमध्ये २३० व्होल्टच्या तारा आणि फ्यूज उघड्यावर असतात. जुना बेल्ट अनेकदा वितळून डांबरासारखा चिकट काळा लगदा झालेला आढळतो. हा लगदा बोटाला लागला की प्रत्येक गोष्टीला लागतो. हातमोजे घालून, लाकडी काडीने तो खरवडून काढावा आणि फ्लायव्हीलची कड व मोटरची पुली अल्कोहोलने चकचकीत होईपर्यंत पुसावी. पुलीच्या खाचेत राहिलेला लगद्याचा एक कण नव्या बेल्टला दर फेरीत उचलतो आणि सूर थरथरतो. नवा बेल्ट टाकूनही फरक पडला नाही असे म्हणणाऱ्यांनी ही खाच एकदा भिंगातून पाहावी.

नव्या बेल्टचे माप जुन्या ताणलेल्या बेल्टवरून घेऊ नये. बेल्टच्या वाटेवरून दोरा फिरवून त्याची लांबी मोजावी आणि तिच्याहून पाच ते आठ टक्के लहान बेल्ट घ्यावा. सैल बेल्ट घसरतो हे सगळ्यांना कळते. फार घट्ट बेल्ट मोटरच्या आणि कॅपस्टनच्या बेअरिंगवर दाब टाकतो आणि काही महिन्यांनी वेगळाच दोष उभा करतो, हे मात्र लक्षात घेतले जात नाही. साधा रबर बँड कधीही वापरू नये, त्याची जाडी जागोजाग वेगळी असते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात तपकीर गल्लीत बेल्टचे मिश्र पुडके मिळतात. त्यांतून माप जुळवताना लांबीइतकेच आडव्या छेदाकडे पाहावे: चपट्या बेल्टच्या जागी चौकोनी बेल्ट बसतो, फिरतो, पण फ्लायव्हीलवर एका रेषेत राहत नाही.

कॅपस्टनच्या बेअरिंगमध्ये शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. ओघळलेले तेल लगेच टिपून घ्यावे, रोलरला लागले तर रोलर पुन्हा पुसावा लागेल. खोबरेल तेल घालू नये. ते २४ अंशांच्या आसपास गोठते, त्यामुळे हिवाळ्यात सकाळी डेक मंद चालतो आणि दुपारी बरा होतो. थंड असताना मंद आणि तापल्यावर ठीक, असे लक्षण दिसले की वाळलेले ग्रीस किंवा चुकीचे तेल समजावे. उलट सुरुवातीला ठीक आणि अर्ध्या तासाने मंद, असे असेल तर मोटर किंवा घसरणारा बेल्ट.

वेगाचा स्क्रू सर्वांत शेवटी

पुष्कळ डेकमध्ये मोटरच्या मागच्या बाजूला एक बारीक भोक असते, आत वेग कमी-जास्त करण्याचा छोटा स्क्रू असतो. मंद वाजते म्हणून पहिल्यांदा हा स्क्रू फिरवला जातो, आणि दोष झाकला जातो. घसरणाऱ्या बेल्टवर वेग वाढवून ठेवला, की नवा बेल्ट टाकल्यावर सगळे चिरक्या आवाजात वाजते. म्हणून वरील सर्व कामे झाल्यावरच वेग तपासावा. ३१५० हर्ट्झचा सूर असलेली चाचणीची कॅसेट आणि फोनवरचे वारंवारता मोजणारे ॲप पुरते. ३०८७ दिसले तर वेग दोन टक्के कमी आहे. बाजूच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असे तीन वेळा मोजावे. तिन्ही वाचने जवळजवळ सारखी असतील तरच स्क्रू फिरवून उपयोग. शेवटचे वाचन एक टक्क्याहून अधिक खाली येत असेल, तर फीत रोलरमध्ये घसरते आहे आणि मागच्या कामांत काहीतरी राहिले आहे.

चाचणीची कॅसेट नसेल, तर बाजारात निघालेल्या आणि आज डिजिटल स्वरूपातही मिळणाऱ्या ध्वनिमुद्रणाशी तुलना करावी. पेटी जवळ असेल तर आणखी सोपे: काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी एकमध्ये ऐकू आला, तर वेग सुमारे साडेपाच टक्क्यांनी कमी आहे. घरी केलेल्या ध्वनिमुद्रणावरून मात्र वेग कधीही लावू नये. सेलवर चालणाऱ्या टेपरेकॉर्डरने, सेल उतरत आलेले असताना केलेले ध्वनिमुद्रण मुळातच मंद वेगाने झालेले असते आणि चांगल्या डेकवर ते उंच स्वरात वाजते. त्याची दुरुस्ती संगणकावर प्रत घेतल्यानंतर करायची असते, डेकमध्ये नाही.

हा सगळा व्याप टाळण्यासाठी नवे यंत्र घ्यावे का, असे विचारले जाते. आज नव्याने विकल्या जाणाऱ्या बहुतेक कॅसेट प्लेअरमध्ये टॅनाशिन या जपानी कंपनीच्या एका साध्या यंत्रणेच्या नकला असतात. त्यांचे फ्लायव्हील हलके असते आणि सूर हलण्याचे प्रमाण नीट दुरुस्त केलेल्या जुन्या डेकपेक्षा अधिक असते. जुन्या डेकचे जड फ्लायव्हील हीच त्याची खरी किंमत आहे. मुंबईच्या चोर बाजारात किंवा ओळखीच्या घरी जुना डेक पाहायला गेलात, तर समोरच्या दिव्यांपेक्षा आणि काट्यांपेक्षा दार उघडून रोलरची चमक पाहावी, आणि बरोबर ९० मिनिटांची, शेवटावर आणून ठेवलेली कॅसेट न्यावी.

बटणे हलक्या स्पर्शाने चालणाऱ्या, दोन किंवा तीन मोटरच्या डेकना वरचा तपास तसाच लागू पडतो, पण त्यांतल्या पुष्कळांत एक जागा अधिक असते. हेडची पट्टी वर उचलण्यासाठी तिथे वेगळी छोटी मोटर आणि आखूड बेल्ट असतो. तो सैल झाला की हेड पुरते वर येत नाही, रोलर कॅपस्टनवर अर्धवट टेकतो आणि लक्षणे कमी पिळासारखीच दिसतात. तांदळाची पिशवी नीट चढते आणि तरीही फीत घसरते, असे दोन्ही एकत्र दिसले तर रोलरकडे बोट न दाखवता आधी हा आखूड बेल्ट बदलावा, आणि त्याच बैठकीत त्या मोटरशेजारची स्थिती ओळखणारी सरकती पट्टी संपर्क-क्लीनरने साफ करून घ्यावी.